राक्षसापुढचं नमन

धुळ्यात रविवारी दुपारी आम्ही कॉलेजमित्र एकेक पात्र घेऊन, फासे टाकून साहसकथेचा खेळ खेळायचो. शेजारचे टपाल कारकून आबाही चष्मा कपाळावर सारून बसायचे. त्यांनी भाटाचं पात्र घेतलं, पण खेळाच्या पुस्तकातला वीणा छेडणारा भाट त्यांना पटला नाही. त्यांचा भाट डफवाला, आणि नमनाशिवाय गायचाच नाही. गावोगावच्या देवांची एकेक करून नावं घ्यायचा. मी जाम वैतागायचो.

एकदा गुहेत राक्षसानं आम्हाला गाठलं. दोन वर्षं जपलेला माझा जादूगार मरणारच होता. आबांनी फासे बाजूला सारले, टेबलावर थाप मारून नमन धरलं. नमनात कोणी हात उचलत नाही, हे खेळ चालवणाऱ्या मित्रालाही मान्य करावं लागलं. आमची पात्रं हळूच गुहेबाहेर सटकली. माझा जीव भांड्यात पडला.

"पण आबा, तुमचा भाट आतच राहिला!"

"राहू दे. आजून नमन कोठे सरनं?"