पूर्ण फीमाफीच्या शोधात आमचं घर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. आमच्या बागेत काजूची बोंडं पडतात तसे ते पडत राहतात. वेचायला कुणाला सवड नसते, आणि एक दिवस अख्ख्या घराला वास सुटतो! गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत बहिणीसाठी कॉलेज शोधताना असाच ढीग लागला. मैत्रिणी म्हणतात, लिहून काढ. काढते, पण घरात कुणी वाचलं तर माझी खैर नाही.

तर ही बहीण, तन्वी, बारावीला तालुक्यात पहिली आली. तिला गणित शिकायचंय, तेही चांगल्या ठिकाणी. हुशार मुलांची पूर्ण फी माफ करणारी खासगी विद्यापीठं असतात, असं तिला कुठूनसं कळलं. काका, म्हणजे तिचे बाबा, म्हणाले, "नाय झाली माफ, तर रस्त्याकडची कलमां इकूया."

ती हापूसची कलमं काकांनी डोक्यावरून पाणी आणून वाढवलेली. तन्वीने तिथल्या तिथे सांगितलं, "कलमां इकून मी खंयच जावचंय नाय. पुरी माफ झाली तर जातलंय, नायतर हंयच रवतलंय!"

बाप-लेक सारखेच हट्टी. मधे मी. मी बी.ए. झालेली, म्हणजे घरात कॉलेज आतून बघितलेली एकटीच, म्हणून शोधायचं काम माझ्या गळ्यात. मोबाईल वाजला तरी दचकणारी मी!

*

पहिल्याच दिवशी एका वेबसाइटवर माझा नंबर भरला. 'सबमिट' दाबून बोट बाजूला घेतेय तोच फोन वाजला. मी एवढी दचकले की फोन थेट तांदळाच्या डब्यात! आता तांदळातून आवाज यायला लागला, "काँग्रॅच्युलेशन्स मॅम! तुम्हाला हंड्रेड पर्सेंट स्कॉलरशिप!"

फोन झटकून मी म्हटलं, "अहो, मला नाही, माझ्या बहिणीला हवीय. तिचे मार्क सांगू का?"

"मार्क नंतर बघू मॅम! दोघींना देऊ!"

काका मागे चहा पीत बसले होते. त्यांनी फोन माझ्या हातून काढून घेतला. "ओ सायबांनू, आमच्याकडे दोन म्हशी पण आसत. त्यांका काय देतास?"

"श्युअर सर! सायन्स की कॉमर्स?"

"कॉमर्स," काका गंभीरपणे म्हणाले. "दुधाचो धंदो आसा त्यांचो."

दुसऱ्या दिवशी मेसेज आला: 'आपल्या दोन्ही विद्यार्थिनींच्या जागा राखून ठेवल्या आहेत.'

*

मग ओरोसला एका हॉलमध्ये शैक्षणिक मेळावा भरला. बाहेरून आलेल्या कॉलेजांचे स्टॉल, फुगे, फुकट पेनं. काका, तन्वी आणि मी एसटीने गेलो.

काका स्टॉलवरून स्टॉलवर फिरले ते मासळी बाजारात फिरावं तसे. माहितीपत्रक उचलायचं, उलटं करायचं, बोटाने दाबून बघायचं, परत ठेवायचं. शेवटी एका स्टॉलपाशी थांबले. कोट घातलेल्या मुलीने माझा नंबर लिहून घेतला, तन्वीचे मार्क बघितले आणि सांगितलं, "फीमध्ये फिफ्टी पर्सेंट वेव्हर."

काका वळले आणि चालायला लागले. अगदी सावकाश. मी म्हटलं, "काका, कुठे निघालात?"

"गप ऱ्हव. मागे बघू नको. बोलावतीत."

"सर, सेव्हंटी फाय!" मागून हाक आली. काकांनी मान हलवली नाही. हॉलचं दार आलं. पायऱ्या आल्या. हाक काही येईना. आम्ही स्टँडवर पोचलो, एसटी लागली, काका आत जाऊन बसले. "बोलावतीत गो. बाजारात सरंगो मासो कधी पयल्या भावाक घेवचो नसता."

गाडी सुटली. कसाल गेलं. मला रडू यायला लागलं, कारण तन्वी खिडकीकडे तोंड करून बसली होती. आणि कट्टा गावाच्या अलीकडे माझा फोन वाजला. मी किंचाळले, कंडक्टरने घंटा मारली, गाडी थांबली!

"मॅम, नाइंटी! पण आजच कळवा."

काका विजयी मुद्रेने सगळ्या गाडीकडे बघत होते. तन्वीने फोन घेतला आणि शांतपणे विचारलं, "हॉस्टेल, मेस, लॅब, डेव्हलपमेंट फी, ती पण माफ का?"

पलीकडे बराच वेळ फक्त फुगे फुटल्याचे आवाज येत होते.

*

कलमांच्या जमिनीला गिऱ्हाईक तयार होतं. मालवणचे रेडकर. त्यांना रस्त्याकडेला होमस्टे बांधायचा होता. ते दर दोन दिवसांनी यायचे, ओट्यावर बसायचे, काकीच्या हातचा चहा प्यायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "काय, झाली काय खंय माफ?" 'नाय' म्हटलं की चेहरा पाडायचे. पण चहा मात्र चवीने संपवायचे.

आमच्या घरात रेंज आली तर आली. परसातल्या जांभ्या दगडाच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, चढलं तर हमखास येते, ती पण फणसाकडे तोंड करून. रेडकरांच्या महागड्या फोनला मात्र ओट्यावरच फुल रेंज! एकदा काकी त्यांना म्हणाली, "रिकामे बसलाहास, तर बघा जरा तुमच्या फोनात. ह्यां चेडू, तन्वी, दगडावर चढान चढान काळां पडलां."

रेडकरांना नाही म्हणता येईना. चहा हातात होता ना! ते शोधायला लागले. मी शेजारी बसून सांगत होते, "हे नको, यात मेस नाही. हे नको, दर वर्षी फी वाढते." तासाभराने माणूस इतका रंगला की स्वतःच ओरडायला लागला, "ह्यां बगा! हॉस्टेल माफ, मेस माफ, गणितात टॉपर होयो, शेवटाक मुलाखत!"

मी दचकून त्यांचा चहा सांडला. विद्यापीठ खरंच चांगलं होतं. दूर होतं, पण सगळं माफ होतं. तन्वी धावत आली.

रेडकर फोनकडे बघत राहिले, मग कलमांकडे. "मेल्या," ते स्वतःलाच म्हणाले, "तुझोच होमस्टे तू बुडवलंस!" आणि अर्जाची शेवटची तारीख कधी आहे ते बघायला लागले.

*

अर्जात निबंध होता: 'तुमच्या आयुष्यातली सर्वांत मोठी अडचण, आणि तुम्ही तिच्यावर कशी मात केलीत?'

तन्वी म्हणाली, "माका काय अडचण नाय."

काकी भडकली. "अडचण कित्याक असतली? दोन वेळचां जेवण आसा, न्हाणीत गरम पाणी आसा. लोकांक काय वाटात, आम्ही चेडवाक उपाशी ठेवलां?"

मी समजावलं, की काकी, तसं नाही, थोडं दुःख दिसावं लागतं. मग सगळं घर दुःख शोधायला बसलं. काका म्हणाले, म्हस आटलेली ती लिही. काकी म्हणाली, ती म्हशीची अडचण. शेवटी कोपऱ्यातून आजोबा बोलले. आजोबांचा आवाज असा, की ते कुजबुजले तरी माड हलतात. "मी मेलंय म्हणान लिव!"

"आजोबा! तुम्ही जिवंत आहात!"

"तां त्यांका काय ठावक? तुमचां काम होतलां. आणि निकाल लागलो की माका परत जितो करा!"

काकी रडायला लागली. आजोबा तिची समजूत घालत होते, "गो, आताच नाय, अर्जापुरतो!"

तन्वीने शेवटी गडग्यावर लिहिलं, म्हणजे गडग्यावर बसून, गडग्याबद्दल. मी ते दोनदा वाचलं. ती रोज त्या दगडांवर बसून गणिताची लेक्चरं बघायची, आणि तिला ती अडचण वाटलीच नव्हती!

*

नंतर शिफारसपत्र. तन्वीचे गणिताचे सर आमच्याच गावचे, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. त्यांनी पत्र दिलं. मी वाटेत उघडून बघितलं आणि सायकलवरून उतरलेच. एकच ओळ: 'मुलगी बरी आहे.'

खाली चौकटी होत्या. या मुलीला तुम्ही कुठे ठेवाल? सर्वोत्तम एक टक्का, पाच टक्के, चांगली, साधारण. सरांनी खूण केलेली: साधारण!

मी तशीच धापा टाकत परत गेले. "सर! साधारण?"

सरांनी आजूबाजूला बघितलं, दार लोटलं आणि हळूच म्हणाले, "अगो, असली पोरगी मी उभ्या जन्मात शिकवली नाय. मी सोडवायच्या आधी ती फळ्याकडे बघून हसता."

"मग तसं लिहा ना!"

"लिवू? आणि दिष्ट लागली मगे? माझ्याच हातची लागली तर तोंड खंय दाखवू?"

मी रडकुंडीला आले. सरांना दया आली. त्यांनी नवीन कागद घेतला, एक टक्क्याच्या चौकटीवर डोळे मिटून खूण केली, पुढे पानभर लिहिलं. लिहून झाल्यावर आत गेले आणि एक पुडी आणून माझ्या हातात दिली. त्यात मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या.

"घराक गेल्यार आधी ह्यां तिच्यावरून उतरून चुलीत घाल," ते म्हणाले. "मगे स्कॅन कर!"

*

आणि मुलाखत. ऑनलाइन. रेडकरांनी लॅपटॉप आणून दिला, स्वतःच्या फोनवरून नेट दिलं. घरापुढच्या खळ्यात, मांडवाखाली टेबल. समोर तन्वी. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बाजूला आम्ही: काका, काकी, आजोबा, रेडकर आणि मी.

पडद्यावर तीन चौकोन. मधले गृहस्थ प्रमुख. पांढरे केस, जाड चष्मा, नुसतं इंग्रजी. त्यांना 'सिंधुदुर्ग' म्हणता येईना. दोनदा अडखळले, मग 'युवर प्लेस' म्हणायला लागले. गणिताचे प्रश्न झाले. तन्वी न घाबरता बोलत होती. घाबरायला मी होते!

शेवटी ते म्हणाले, एकच जागा उरली आहे, आणि एवढ्या लांबून आलेल्या मुली कधी कधी पहिल्याच वर्षी परत जातात. घरच्यांची खरंच इच्छा आहे का? ते घरी असतील तर त्यांच्याशी बोलायला आवडेल.

तन्वीने लॅपटॉप आमच्याकडे फिरवला.

काका खांबाआड. काकीने पदर तोंडाला लावला. मी रेडकरांच्या पाठीमागे. आणि आजोबा उठले. त्यांनी टोपी सारखी केली, पायातल्या चपला काढल्या, आणि लॅपटॉपसमोर हात जोडून उभे राहिले. आता काय होणार ते मी ओळखलं. आजोबा आमच्या देवळातले गाऱ्हाणं घालणारे. गावात मोठं काही करायचं तर ते असेच उभे राहून देवाला साकडं घालतात, आणि त्यांच्या प्रत्येक मागणीला जमलेली माणसं होकार देतात. त्या होकाराशिवाय गाऱ्हाणं पुरं होत नाही.

"बा देवा म्हाराजा! आज ह्यां आमचां चेडू तुझ्यासमोर इलां हा, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" काका, काकी आणि रेडकर एका सुरात.

पडद्यावरचे तिघे मागे सरकले.

"तेच्या वाटेत जा काय आडवां-तिडवां येत, तां दूर कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माडावरचे कावळे उडाले.

आता एकमेव जागा गेली, एवढंच मला दिसत होतं. मी आवाज बंद करायचं बटण शोधायला धावले, ते सापडेना, म्हणून एका हाताने काकांचं तोंड दाबलं, दुसऱ्याने काकीचं, आणि रेडकरांकडे असे डोळे वटारले की ते गप्पच झाले.

आजोबांचे डोळे मिटलेले. "आमची कलमां आमच्याकडे रवांदेत, आणि ह्यां चेडू ह्या पंचांकडे शिकांदेत! तेची फी पुरी माफ करूची बुद्धी ह्यांका दी, रे म्हाराजा!"

आजोबा तसेच, हात जोडून, होकाराची वाट बघत. तन्वी लॅपटॉपच्या मागे, तिचेही हात जोडलेले. काका माझ्या तळहाताखाली गुदमरत होते.

पडद्यावर मधल्या चौकोनाभोवती, बोलणाऱ्याभोवती येते ती हिरवी रेघ उमटली. जाड चष्मेवाल्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. त्यांनी छातीशी हात जोडले आणि या वेळी जराही न अडखळता, खड्या आवाजात म्हणाले,

"व्हय म्हाराजा!"