बट्टीला लागलेला वास

मे महिन्यात धुळ्यात पॉलिमर क्ले मळायला बसणं हाच मूर्खपणा होता. नावाला क्ले, पण ती माती नव्हेच. कणकेसारखं मळता येणारं प्लॅस्टिक. त्याचे मणी वळायचे, ओव्हनमध्ये भाजायचे, ओवून माळा करायच्या. मी शिक्षिका, शाळेला सुट्टी. मोबाइलवर बायका हे इतक्या सहज करताना दिसायच्या की मीही पांढऱ्या नि निळ्या रंगाची पाकिटं मागवली.

त्या पांढऱ्याने मला रडवलं. पंखा लावला की धूळ त्यात रुतायची, बंद केला की घाम टपकायचा. उकाड्याने गोळा सैल होऊन बोटांना चिकटायचा, चघळून टाकलेल्या च्युइंगगमसारखा. अर्ध्या तासात तो करडा पडला. एक मणी उजेडात धरला तर आत केस. माझाच, वेटोळं घालून बसलेला. सुईने ओढला तर मण्याला चीर पडली. कितीदा हात धुतले तरी तो मेणचट थर जाईना. त्याच हातांनी लाटलेल्या पोळ्या मलाच नकोशा झाल्या.

तरी चाळीसेक मणी जमले. पाकिटावर स्पष्ट लिहिलं होतं, खाण्याचे पदार्थ करता त्या ओव्हनमध्ये हे भाजू नका. वाचलं होतं मी. पण घरात ओव्हन एकच, आणि एकदाच तर भाजायचं आहे, असं म्हणत ट्रे आत सरकवला आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले.

खाली आले तेव्हा स्वयंपाकघरात धूर होता. मणी तपकिरी होऊन फुगले होते, अंगावर फोड आल्यासारखे. चपला जाळाव्यात तसा वास नाकातून घशात उतरला आणि जिभेवर बसला. सासूबाई, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, पदर नाकाला लावून आल्या.

"काय जयी राह्यनं वं? बठ्ठं घर वास मारी राह्यनं!"

"काही नाही अक्का, मणी करपले."

लिंबू, सोडा, व्हिनेगर लावून दोन दिवस ओव्हन घासला. वास गेला, असं मी ठरवून टाकलं.

रविवारी जळगावहून माझ्या नणंदबाई, म्हणजे ताई, आल्या. त्यांच्यासाठी वरण-बट्टीचा बेत. अक्कांनी कणकेच्या बट्ट्या वळल्या आणि नेहमीप्रमाणे ओव्हनमध्ये लावल्या. मी गप्प राहिले. पहिला घास तोंडात घातला आणि तुपाच्या मागून तो वास आला. पुसट, पण तोच. समोर ताई बट्टी कुस्करून, वर वरण ओतून बोटं चाटत जेवत होत्या.

"अक्का, बट्टी भारी झाली हं!"

त्यांच्या ओठांवरचं तूप पाहून मी माझं ताट बाजूला सारलं.

"ताई, थांबा. खाऊ नका."

मग सगळं सांगितलं. पाकिटावर काय लिहिलं होतं तेसुद्धा. ताईंनी तोंडातला घास तळहातावर काढला आणि त्या लगद्याकडे बघत राहिल्या. नवरा एवढंच म्हणाला, "माहीत होतं, तरी वाढलंस?"

स्वतःचीच किळस आली, मण्यातल्या केसाची आली होती त्याहून जास्त.

अक्का ताटांतल्या बट्ट्या गोळा करायला लागल्या. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "गायीला घालू का?"

"गायले बी टाकू नको," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "तिना काय गुन्हा शे?"

त्या दिवशी सगळे दहीभात जेवले. ओव्हन भंगारात गेला, उरलेली क्ले कचऱ्यात. जळगावला पोचल्यावर ताईंनी फोन केला, पोट ठीक आहे म्हणाल्या. मी विचारलंही नव्हतं. धीरच झाला नव्हता.

ताई अजूनही येतात, माझ्याशी नीट बोलतात. फक्त ताट वाढलं की मान खाली घालून, मला दिसू नये अशा बेताने, पहिला घास नाकाशी नेतात.