कर्ण्याचं तोंड

माझा राग लवकर जात नाही. आई म्हणायची, हिच्या पोटात राग मुरांब्यासारखा मुरतो. मुरू दे.

बाबा धरमतरकडच्या मिठागरातले. नोकरीसाठी रोह्याला आले आणि एका कंपनीत कॉम्प्रेसरवर लागले. शिफ्ट संपवून वरसेला घरी आले, की आमच्याशीसुद्धा ओरडून बोलायचे. कानात घालायची रबरी बुचं कंपनीत होती, पण साहेबांच्या कपाटात. तपासणीला सरकारी माणूस यायचा त्या दिवशी ती वाटायची आणि तो गेला की परत घ्यायची. एरवी बाबा कापूस कोंबायचे.

नव्वद सालानंतर त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. गोळ्यांनी उतरेना. गणपतीला सुट्टी काढून गावी राहिले, की उतरायचं. कामावर गेले, की पुन्हा चढायचं. डॉक्टरांनी ओळखलं. म्हणाले, "त्या आवाजानं अंग सारखं ताठलेलं राहतं, त्याचा भार हृदयावर येतो. दुसरं खातं मागून घ्या." त्यांची चिठ्ठी घेऊन बाबांसोबत मीच साहेबांकडे गेले. त्यांनी ती धड वाचलीही नाही.

"आवाज कानाला लागतो, छातीला नाही," म्हणाले आणि हसले. ओशाळून बाबाही हसले. बाबांचं ते हसू मला आजही सहन होत नाही.

वर्षभरात बाबांना कामावरच झटका आला. जीव वाचला, नोकरी गेली. कान तर आधीच गेले होते. पुढे साहेब निवृत्त झाले आणि शांत जागा म्हणून त्यांनी बंगला बांधला तो कुठे, तर आमच्या मागच्या अंगाला. देव आहे, हे मला त्या दिवशी पटलं.

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. आमच्याकडे हळद म्हटली की आंब्यावर कर्णा चढणारच, आणि त्याचं तोंड रस्त्याकडे, गावाला कळावं म्हणून. पेणला रामवाडीत आतेभावाचा स्पीकरचा धंदा होता. त्याला म्हटलं, "तोंड मागं फिरव. त्या बंगल्याच्या खिडकीवर."

"ताई, तिकडं कोन हाय ऐकायला?"

"हाय एक जण."

दुपारपासून कर्णा लावला. उन्हं कलली तेव्हा साहेब मांडवात आले, घामाघूम, हात छातीवर. "जरा बंद करता का? मला प्रेशर आहे. फार धडधडतंय."

इतकी वर्षं जपलेलं वाक्य मी त्यांच्या हातात ठेवलं. "साहेब, आवाज कानाला लागतो, छातीला नाही."

त्यांना आठवलं. चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. त्या हळदीत मला याहून गोड काही लागलं नाही.

तेवढ्यात मागून बाबांचा आवाज आला. ऐकू येत नाही, मग त्रास कसला, म्हणून मी त्यांची खुर्ची आंब्याखालीच मांडली होती. त्यांचाही हात छातीवर होता.

"बंद कर गो," ते म्हणाले. "कानाला कायच कलत नाय. पन छातीत वाजतंय."

मी धावत जाऊन वायर उपटली. बाबांना आत निजवलं, गोळी दिली, त्यांचा श्वास संथ होईपर्यंत बसून राहिले. बाहेर आले तर साहेब तिथेच उभे. आभार मानायला लागले.

"तुमच्यासाठी नाही बंद केला," मी म्हटलं. "बाबा काय म्हणाले, ते मात्र ऐकलंत ना?"

हळदीचं घर होतं, पण मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.