शेंडीजवळची सुई

आमचे हे देऊळगाव राजात भिक्षुकी करतात. पूजा, शांत, मुंज, लग्न, श्राद्ध, सगळं. माझं माहेर संग्रामपूरकडचं, त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझ्या 'मले-तुले'वर सासरचे हसतात आणि मी त्यांना हसू देते. यांच्या पाठांतराला हसायची मात्र कोणाची छाती नव्हती. बाजारात पिशवी धरून उभे असतानाही कोणी विचारलं तर महिना, तिथी, नक्षत्र फाडफाड सांगायचे.

म्हणूनच श्रावणातला तो सत्यनारायण मी विसरू शकत नाही. मी यजमानांच्या स्वयंपाकघरात मदतीला, शिऱ्याच्या पातेल्यापाशी होते. बाहेर यांनी संकल्प सुरू केला. संकल्पात आजचा महिना, पक्ष, तिथी, वार हे सगळं म्हणावं लागतं आणि मग यजमान हातातलं पाणी ताम्हनात सोडतो. हे तिथीपाशी आले आणि थांबले. मला वाटलं, ठसका लागला असेल. मी डोकावून पाहिलं तर यजमानाच्या हातातलं पाणी बोटांतून गळून गेलं होतं आणि हे समोरच्या केळीच्या खांबाकडे बघत बसले होते. शेवटी यजमानाचा मेहुणा म्हणाला, "गुरुजी, मोबाइलमंदी नवमी दाखवून राह्यलं." सगळे हसले. मला त्या मेहुण्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

तसं दुखणं उन्हाळ्यापासूनच होतं. जेवण तुटलं होतं, बोलणं तुटलं होतं, पहाटेच जाग येऊन छताकडे बघत पडायचे. बुलढाण्याच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या सुरू केल्या होत्या. घरात आम्ही त्याला फारसं मनावर घेतलं नव्हतं. उदास भटजी लोकांना चालतो. विसराळू चालत नाही. त्या सत्यनारायणानंतर मात्र सगळ्यांचे धाबे दणाणले.

डॉक्टर म्हणाले, विसरणं, लक्ष न लागणं हा या आजाराचाच भाग आहे, म्हातारपणाचा स्मृतिभ्रंश नाही. गोळ्यांच्या जोडीला अ‍ॅक्युपंक्चर करून बघायचं तर बघा, काहींना उपयोग होतो, खात्री मी देणार नाही. बसस्टँडच्या मागच्या दवाखान्यात जालन्याहून एक डॉक्टरीणबाई सुया टोचायला येत. आम्ही तिथे जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. केसासारख्या बारीक सुया. एक दोन भुवयांच्या मध्ये, काही मनगटाला, पायाला, आणि एक डोक्याच्या मधोमध. तिथे यांची शेंडी. बाईंनी ती हलकेच बाजूला केली आणि मुळाशी सुई लावली. त्या शेंडीला आजवर बाहेरच्या कोणाचा हात लागला नव्हता. हे डोळे मिटून पडले होते. श्वासाबरोबर मनगटावरच्या सुया हलत होत्या, तेवढाच काय तो जिवंतपणा. मला तो देखावा अजिबात आवडला नाही. पण गुण हवा होता.

आणि गुण आला. सुयांचा की गोळ्यांचा, देव जाणे. दिवाळीच्या सुमारास एकदा दिवा लावताना मी सहज विचारलं, "आज काय तिथी हो?" यांनी तिथी सांगितली, वर नक्षत्रही. मी तिथेच रडले. मग ती आमच्या घरची परीक्षाच झाली. रोज संध्याकाळी मी विचारायची, हे बरोबर सांगायचे, मी पुण्याच्या मुलाला फोन करून कळवायची. तो म्हणायचा, "म्हणजे बाबा बरे झाले!" मीही हो म्हणायची. भटजीच्या घरात तिथी आली की माणूस आला, असंच आम्ही धरून चाललो. जेवण तेवढंच होतं आणि पहाटेचं छताकडे बघणंही तसंच होतं, पण ते कोण मोजतो?

त्याच दिवसांत लेकीने तिच्या मुलाच्या मुंजीचा मुहूर्त बघायला सांगितला. हे पंचांग घेऊन बसू लागले. कित्येक महिन्यांनी पंचांग हातात बघून माझा जीव भांड्यात पडला. स्वतःशीच पुटपुटायचे, "चतुर्थी नको, बऱ्याच जणांना उपवास असतो. एकादशी तर नकोच. अमावस्येला ब्राह्मण मिळायचे नाहीत. थंडीतलं बरं, स्वयंपाक करणाराला त्रास नाही." मी भाजी निवडत ऐकायची आणि मनात जेवणावळीचा बेत करायची. याच सुमारास यांनी आपल्या यजमानांची बरीचशी घरं चुलतभावाकडे सोपवली. सगळे म्हणाले, शहाणपण केलं, जरा आराम मिळेल. मुलाला किती दिवसांनी स्वतःहून फोन केला आणि बँकेची कागदं कोणत्या कपाटात आहेत ते समजावून सांगितलं. आवाज इतका शांत होता की मुलाला भरून आलं.

मार्गशीर्षात एका दुपारी मी ताक घुसळत होते. हे पंचांग मिटून म्हणाले, "सापडली एकदाची. मार्गशीर्ष वद्य पंचमी."

"छान," मी म्हटलं. रवी दोन-चार वेळा फिरवली आणि हात थांबला. उत्तरायण लागल्याशिवाय मुंज होत नाही, हे आमच्या घरच्या मोलकरणीलाही पाठ आहे. संक्रांत अजून व्हायची होती. आणि पंचमी परवावर आलेली.

मी तशीच जाऊन यांच्यासमोर बसले. "काऊन हो, मार्गशीर्षात मुंज?"

"मुंजीचं मी कुठे म्हणालो?"

"मंग काय बघून राह्यले तुमी इतके दिवस?"

हे माझ्याकडे बघून मायेने हसले. "माझ्या वर्षश्राद्धाला सोयीची तिथी बघायलो. मुलाला डिसेंबरात सुट्टी असते. दरवर्षी येता येईल त्याला. तुला ओढाताण नको."

मी ओरडले नाही. यांचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने बुलढाण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. चुलतभावाला हाक मारून गाडी काढायला लावली. डॉक्टरांनी त्याच दिवशी दाखल करून घेतलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, डोकं आधी साफ होतं, जगायची इच्छा मागाहून येते. मधला काळ फार जपायचा असतो. म्हणजे जी बुद्धी परत यावी म्हणून मी देवाला दिवे लावत होते, तिने परत येऊन पहिलं काम हे केलं होतं. त्या दिवशी मला त्या सुयांचा, गोळ्यांचा, पंचांगाचा, सगळ्यांचा संताप आला. यांचाही आला. मला न विचारता माझी सोय बघणारे हे कोण?

पंचमी आम्ही दवाखान्यात काढली. खाटेच्या लोखंडी दांडीला माझी पाठ लागलेली आणि हात यांच्या हातावर.

आता गोळ्या बदलल्या आहेत. सुयाही चालू आहेत, डॉक्टर चालू ठेवा म्हणाले म्हणून. पण संध्याकाळी मी तिथी विचारत नाही. दिवा लावला की यांच्यासमोर बसते आणि सरळ विचारते, "आज जगावंसं वाटते का तुमाले?" आधी हे चिडायचे. आता खरं सांगतात. बहुतेक दिवशी म्हणतात, "हो, थोडंसं." परवा म्हणाले, "आज नाही सांगता येत."

मी गॅस बंद केला, दाराला कडी घातली आणि यांच्याजवळ बसून राहिले.