टँकर कुठे उभा राहणार

त्या दुष्काळात मी उदगीरजवळच्या एका गावात बायकांना भांडणं कशी मिटवायची हे शिकवायला गेले. मला स्वतःला रिक्षावाल्याशीही भांडता येत नव्हतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत तोंड उघडण्याआधी वाक्य मनात जुळवावं लागे. मला पाठवणाऱ्या संस्थेला हे चाललं.

गावात भांडण तयारच होतं. आदल्या दिवशी वरची आणि खालची गल्ली यांच्या ओढाताणीत टँकरचा पाईप फाटला होता. "संध्याकाळपर्यंत एक जागा ठरवा, नाहीतर भरला टँकर तसाच माघारी नेतो," असं ड्रायव्हर बजावून गेला होता. पुरुष मंडळी मोर्चाला गेली होती. उदगीर वेगळा जिल्हा झाला की पाणीही येईल, असं त्यांचं म्हणणं होतं.

मठात बायका समोरासमोरच्या भिंतींना टेकून बसल्या. वरच्या गल्लीकडून थोरली जाऊ बोलत होती, खालच्या गल्लीकडून धाकटी. वरच्या गल्लीला टँकर आपल्या तोंडाशी हवा होता, खालच्या गल्लीला पारापाशी. दोघी जावांचं बोलणं बंद होतं. तिकडे बोलणं बंद असलं की तिसऱ्याला सांगून बोलतात. घरात कुणी नसेल तर म्हैसही चालते. त्या दिवशी मी होते.

"मॅडम, तिला सांगा, पारापाशी उतार हाय. सांडलेलं सगळं त्यांच्याच दारात जातंय."

मी धाकटीकडे वळून वाक्य जुळवू लागले.

"मॅडम, अक्काला सांगा, आमच्या दारात चिखल झाला तर त्यांच्या पोटात का दुखायलंय?"

मी थोरलीकडे वळले. आधीचं वाक्य अजून बाहेर पडलं नव्हतं.

"काय म्हणल्या मॅडम?" मागून कुणीतरी विचारलं.

"पुटपुटल्या काईतरी."

"माय गं! हिच्या भरवशावर बसलो तर टँकर जाईल की माघारी," थोरली म्हणाली आणि सरळ धाकटीकडे वळली. "तूच बोल. शाळेपुढं चालंल का?"

"चालंल. पर पैली घागर आमच्या गल्लीची."

"रोज न्हाई. एक दिवस तुमची, एक दिवस आमची."

"आज आमची."

"घे बाई."

मी पिशवीतून शिकवायचे तक्ते काढले होते, ते परत गुंडाळले.

संध्याकाळी टँकर शाळेपुढे थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, पण पाईप हातातच धरून उभा राहिला.

"ही जागा कुणी ठरवली?"

"मॅडमनं," दोघी एकदम म्हणाल्या.

जावेचं ऐकलं, असं गावात कुणी म्हटलेलं दोघींनाही नको होतं. ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्याने पाणी सोडलं.