लाल रुमाल, पांढरा रुमाल

लाल रंगाची भीती नक्की कुणाला वाटते?

आमच्या घरी ती काकांना वाटली. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती. भिंतीवर आईसोबतचा त्यांचा एकमेव फोटो होता, मोर्च्याहून परतताना चौसाळ्याच्या स्टुडिओत काढलेला. त्यात त्यांच्या खांद्यावर लाल रुमाल होता. त्यांनी छापून आणलेल्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवायला शिकलो.

बहिणीची सोयरीक जुळत आली होती. मुलगा पुण्याला एका नव्या कंपनीत लागलेला.

"भिंतीवर लाल बावटा दिसला की सोयरे बिचकतेत," काका म्हणाले. "तुझं ते कॉम्प्युटर कशाला हाय बे? पांढरा कर की."

"काका, बावटा न्हाई, रुमाल हाय."

"मग काय, सोयऱ्यांना बी पत्रक वाटणार का?"

एरवी मी भर बाजारात भांडणारा, पण बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहून फोटो भिंतीवरून उतरवला.

हायवेवरच्या एका दुकानात मी अर्ज आणि लग्नपत्रिका टाइप करायचो. दुपारी तिथं कुणी नसायचं. मासिकासोबत आलेल्या सीडीवर फोटो दुरुस्त करायचं फुकट सॉफ्टवेअर होतं. त्यात एका रंगावर टिचकी मारली की तो रंग आहे तेवढी सगळी जागा निवडली जायची. मी फोटो स्कॅन केला, रुमालावर टिचकी मारली आणि लाल काढून टाकला. रुमाल पांढराशुभ्र झाला, घडीसुद्धा मोडली नाही. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, हे लपवत नाही.

छापलेली प्रत आईला दिली. तिनं ती दारातल्या उजेडात धरली.

"माझं कुंकू कुठं गेलं?"

तेही लालच होतं. मी फक्त वडिलांच्या खांद्याकडे बघत राहिलो होतो. ते गेले तेव्हा बायकांनी आईचं कुंकू पुसलं, म्हणून मी अंगणात सगळ्यांशी भांडलो होतो. पुढे त्यावर पत्रक काढून वाटलंही होतं. फोटोत उरलेलं कुंकू मात्र मीच पुसलं.

"चुकलं, आई. आता रुमालाभोवती रेघ आखतो. तेवढाच बदलंल, कुंकू ऱ्हाईल."

"दोन्ही त्यांचंच हाय," ती म्हणाली. "एक ठेवून एक कसं काढतो रे?"

तिनं मूळ फोटो माझ्या हातातून घेतला, पदरानं पुसला आणि आतल्या खोलीतल्या संदुकीत ठेवला.

"पाव्हण्यांना कोरी भिंत दाव," म्हणाली.

पाहुण्यांनी कोरी भिंत पाहिली. लग्न ठरलं, झालं, बहीण पुण्याला गेली. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "बघ, जमलं का न्हाई?"

आता घरात आम्ही दोघंच. दुपारी आत संदुकीची कडी वाजते, तेव्हा मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. त्या फोटोविषयी आम्ही बोलत नाही. पत्रकं मी अजून लिहितो, पण पूर्वीसारखी तिला वाचून दाखवत नाही.

तुमच्या हाती असं सॉफ्टवेअर असेल तर एवढं करा. कुठल्याही रंगावर टिचकी मारण्याआधी तो फोटो घेऊन त्यातल्या हयात माणसाजवळ जाऊन बसा, आणि त्यातला कुठला रंग कुणाचा आहे, ते त्याच्याकडून ऐकून घ्या.