तीन थाऊ कमी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. आमच्या कपाटात वाफेच्या इंजिनाचं एक मॉडेल आहे, दोन फूट लांब. दर खंडेनवमीला बायको ते बाहेर काढते, मऊ फडक्यानं पुसते, हळदकुंकू वाहते आणि आल्यागेल्याला सांगते, "ह्यांनी स्वतःच्या हातांनी केलंय सगळं." मी हसतो. सोळा वर्षं हसतोय.

तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाला आम्ही थाऊ म्हणतो. डोक्यावरचा केस साधारण तीन थाऊ जाड असतो. मी जे केलं ते तेवढ्याचंच आहे. एका केसाएवढं.

पासष्ट-सहासष्टचा सुमार. पिंपरीच्या एका कंपनीत मी इन्स्पेक्शनला होतो. वय तीस, डिप्लोमा, पांढरा कोट, छातीच्या खिशात स्टीलची पट्टी. दुसऱ्यांनी बनवलेलं मोजायचं आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे माझं काम. स्वतः काही बनवायचं नाही. एक परदेशी इंजिनिअर मायदेशी परत जाताना आपलं अर्धवट मॉडेल मला देऊन गेला, तेव्हा मला वाटलं, आता मीही काहीतरी बनवीन. चाकं, सांगाडा, बॉयलर तयार होतं. पण बॉयलरच्या वरचं काहीच नव्हतं. शिट्टी नाही, सेफ्टी व्हॉल्व्ह नाही, दिवे नाहीत, कठड्याच्या खुंट्या नाहीत. एखादा माणूस नाक-कान नसलेला असावा तसं दिसायचं ते.

दापोडीच्या बाजूला मालगाडीच्या सायडिंगवर एक म्हातारं वाफेचं इंजिन शंटिंग करायचं. मी रविवारी जाऊन टेपनं त्याची मापं घ्यायचो. ड्रायव्हर विचारायचा, "काय राव, इकत घेताय का काय?" घरी येऊन प्रत्येक मापाला सोळानं भागायचो आणि ड्रॉइंग काढायचो. ड्रॉइंग सुरेख यायची. पण शिट्टी बनवायला लेथवर उभा राहिलो आणि सात तुकडे वाया घालवले. पाऊण इंचाची शिट्टी. आतून पोकळ, बाजूला तिरपी फट. माझ्या हातून ती होईना.

मग मी धोंडीभाऊंकडे गेलो.

धोंडीभाऊ आमच्या शॉपमधले टर्नर. पिंपळे गुरवचे, चौथी शिकलेले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. तोंडावर मी त्यांना तुम्ही म्हणायचो, मनात तो. त्यांनी माझं ड्रॉइंग हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि परत दिलं. "मला इंजान दावा," म्हणाले. रविवारी सायडिंगवर नेलं. बाजारात बैल बघावा तसे ते त्या इंजिनाभोवती फिरले. काही लिहून घेतलं नाही. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तंबाखूच्या डबीतून शिट्टी काढली, ओठांत धरली आणि फुंकली. अर्ध्या शॉपनं वर बघितलं.

माप? मी मोजलं. ड्रॉइंगला तंतोतंत. शिट्टीच्या बुडाला, आटे संपतात तिथं, त्यांनी एक बारीक गोल रेघ मारली होती. ही कशाला, विचारलं. "ती द्येवाला दावायची," म्हणाले. "मानसाला दिसत न्हाई."

त्या दिवसापासून माझ्या टेबलाभोवती माणसं जमायला लागली. इंजिन बघायला नाही, धोंडीभाऊंनी आज काय आणलं ते बघायला. एक फिटर सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, भागाकार तुमचा न् गाडी धोंडीभाऊंची." सगळे हसले. धोंडीभाऊसुद्धा हसले—साधं, कौतुकानं. मीही हसलो. तुम्हाला वाटतं का, एवढ्या एका वाक्यानं माणूस असं काही करील? मलाही वाटलं नसतं.

आता मायक्रोमीटरचं सांगतो, जबड्यांत नग धरून थाऊपर्यंत मोजायच्या हत्याराचं. कंपनी तोवर मिलिमीटरवर गेली होती, पण मॉडेल सगळं इंचात होतं. त्यासाठी माझ्याकडे माझं स्वतःचं इंची मायक्रोमीटर होतं, मखमलीच्या पेटीत. एकदा ते टेबलावरून पडलं. पुसून ठेवलं, तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी धोंडीभाऊ सेफ्टी व्हॉल्व्हचा खिळा घेऊन आले. मी मोजला. तीन थाऊ कमी.

"तीन?" ते म्हणाले. "साहेब, तीन म्हंजी लईच झालं की. माझा हात तीन जाईल व्हय?"

मी मायक्रोमीटर त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी वाकून वाचलं. आकडा तर तोच होता. पुढच्या दिवशी तीन थाऊ वाढवून दुसरा खिळा आणला. माझ्या मापानं तो बरोबर आला, पण भोकात जाईना. भोक बरोबरच होतं ना! "आता जास्त झालं," मी म्हणालो. त्यांनी दोन्ही खिळे तळहातावर घेतले आणि बराच वेळ बघत राहिले. मग मान खाली घालून गेले.

दुपारी मला शंका आली. मायक्रोमीटरचे जबडे मिटले. शून्यावर शून्य यायला हवं होतं. रेघ तीन थाऊ मागं उभी होती.

ते नीट करायला एक छोटी किल्ली असते. पेटीतच असते. दोन मिनिटांचं काम. मी किल्ली बोटांत धरली—हे मला स्पष्ट आठवतं—आणि परत ठेवून दिली. पेटी मिटली.

इथपर्यंत चूक होती. इथून पुढं मी होतो.

का? त्याचं उत्तर मी स्वतःला खूपदा दिलंय आणि प्रत्येक वेळी थोडं गोड करून दिलंय. आज गोड करत नाही. मला ते आवडलं. त्यांचं ते मान खाली घालणं मला आवडलं.

नंतर पाच-सहा महिने ते नग आणत राहिले. दिवे, बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीच्या टोप्या, कठड्याच्या बावीस खुंट्या. मी मोजायचो आणि तीन कमी म्हणायचो. कधी बदल म्हणून चार. नापास झालेला नग मी ड्रॉवरमधल्या डब्यात टाकायचो. एकदा त्यांनी स्टोअरमधून जुनं इंची मायक्रोमीटर मागून आणलं. "ह्याच्यात बरुबर दावतंय, साहेब." आवाजात केवढी आशा होती. मी म्हणालो, "धोंडीभाऊ, ते साऱ्या शॉपच्या हातात फिरतं. माझं पेटीत असतं." आमच्याकडे रिवाजच होता—टर्नरचं माप आणि इन्स्पेक्शनचं माप जुळलं नाही तर इन्स्पेक्शनचं खरं. त्यांनी अठरा वर्षं तो रिवाज पाळला होता. तेव्हाही पाळला. त्यांनी एकदा जरी माझ्या हातातून मायक्रोमीटर घेऊन जबडे मिटून पाहिले असते तर? पण साहेबाच्या हातातलं हत्यार ते हिसकून कसं घेतील?

ते खडकीला जाऊन डोळे तपासून आले. मला येऊन सांगितलं, "डोळं चांगलं हायती म्हनला डाक्टर." पुढं म्हणाले, "मंग हातच ग्येला म्हनायचा."

मी म्हणालो, "होतं असं वयानं."

पंचेचाळिशीच्या माणसाला.

हळूहळू कंपनीच्या कामातही ते घाबरायला लागले. एकेक नग पाच-पाच वेळा मोजायचे. लेथ चालू करायच्या आधी उजव्या हाताकडे बघायचे, जनावर चावेल की काय असं बघावं तसं. ज्यांच्याकडे शिकाऊ टर्नर जाऊन उभे राहायचे, ते आता शेजारच्याला विचारायचे, "जरा बघ रं, बरुबर हाय का." शेवटी ते स्वतःच फोरमनकडे गेले. मला लेथवरून काढा म्हणाले, माझ्या हातून एखादा जॉब बिघडायचा.

फोरमनला पटेना. तो माझ्याकडे आला. "त्यांचा एक जॉब परत आलेला नाही हो आजवर. तुम्ही रोज त्यांचं मोजता. तुम्ही सांगा, खरंच बिघडलंय का?"

इथं मी सगळं निस्तरू शकत होतो. कुणाला काही न कळता. "काही नाही, उगाच मनात घेतलंय त्यांनी," एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मोजमाप थोडं हललंय हे खरं."

ते पॅकिंगला गेले. लाकडी खोक्यांना खिळे ठोकायला.

ड्रॉवरमधल्या डब्यात तोवर सगळे नग जमले होते. मी ते एकेक काढले आणि इंजिनावर बसवले. बसणारच. सगळे बरोबर होते. बसवण्याआधी बारीक पॉलिश पेपर घेतला आणि प्रत्येकाच्या बुडाची ती गोल रेघ घासून काढली. बावीस खुंट्यांच्या बावीस रेघा. रविवारची सबंध दुपार लागली. बायकोनं चहा आणून दिला, म्हणाली, केवढी चिकाटी हो तुमची.

खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये ज्यानं त्यानं आपापलं मशीन पुसायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. घरची माणसं बघायला येतात. त्या वर्षी धोंडीभाऊंच्या लेथला दुसऱ्यानं हार घातला. ते पलीकडे नवा सदरा घालून उभे होते, हातात झेंडूची माळ तशीच. खोक्याला काय माळ घालणार? मधल्या मोकळ्या जागेत मी इंजिन पेटवलं. वाफ धरली, शिट्टी वाजली, पोरंबाळं ओरडली. मोठ्या साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, असे हात कंपनीला हवेत.

गर्दी सरल्यावर धोंडीभाऊ जवळ आले. वाकून एक खुंटी निरखली. थोडी सैल होती, बोटानं फिरवून वर काढली आणि बुडाकडे बघितलं. बूड गुळगुळीत होतं. त्यांनी ती परत बसवली, घट्ट केली.

"तुमचा हात बसला, साहेब," म्हणाले. "ब्येस झालं. मला न्हाई जमलं."

मी काय म्हणालो माहीत आहे? "तुमच्याकडूनच शिकलो." आणि हातातली झेंडूची माळ त्यांनी माझ्या इंजिनाला घातली.

हे इथंच संपलं असतं तर—नाही, तरीही ते तेवढंच वाईट राहिलं असतं. पण आणखी एक आहे.

दोन-तीन वर्षांनी एका रविवारी सकाळी ते माझ्या घरी आले. रुमालाची गाठ सोडली, आत शिट्टी. चिंचवडला ओळखीच्या एकाकडे लेथ होतं, तिथं बनवली म्हणाले. त्यांची बायको मागं लागली होती, एकदा करून तर बघा. "मोजता का जरा? बरुबर असंल तर फोरमनसायबाला म्हनीन, परत उभा करा मला लेथवर."

मी पेटी काढली. मायक्रोमीटर तसंच होतं, मी ते कधीच नीट केलं नव्हतं. शिट्टी जबड्यांत धरली. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आकड्याकडे नाही. तोवर मला बढती मिळाली होती. आता कुणी मला भागाकारवाला म्हणत नव्हतं. खरं सांगितलं असतं तर माझं काय जाणार होतं? फार काही नाही. तरीही.

"तीन कमी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, हसलेसुद्धा. "म्हंजी सोडलं ते बरुबरच क्येलं म्यां." रुमाल झटकून खांद्यावर टाकला. शिट्टी टेबलावरच ठेवली. "ऱ्हाऊ द्या. पोरं वाजवतील."

धोंडीभाऊ गेल्या वर्षी वारले. तेराव्याला मी पिंपळे गुरवला गेलो. त्यांच्या बायकोनं मला ओळखलं, पाट दिला. सांगत होती, मागं वाडीतल्या साऱ्यांची शिलाई मशीनं, पंप, कुलपं हे दुरुस्त करायचे, पण लेथ सोडल्यापासून कशाला हात लावला नाही. दाढीसुद्धा न्हाव्याकडं. म्हणायचे, हाताचा भरवसा न्हाई. मग म्हणाली, "तुमचं नाव लई घ्यायचे. कंपनीत खरं त्वांडावर सांगनारा येकच मानूस भेटला म्हनायचे."

मी पानावरचं सगळं जेवलो. तिनं आग्रह केला तेव्हा आणखी वाढून घेतलं.

घरी आलो आणि पेटी उघडली. जबडे मिटले—तीन मागं, तेव्हा होते तेवढेच. शिट्टी मोजली. आकड्यात तीन मिळवले. बरोबर आली. उलटी करून बूड उजेडात धरलं. रेघ होती.